चवथीचा वायदा

धंदा बुडाला की घरात पैसा राहत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण धंदा वाढला तरी घरात पैसा राहत नाही, हे मी आमच्या ह्यांना सांगायला गेले की ते माझ्याकडे असं बघायचे, जणू मी शुभकार्यात शिंकले. सावंतवाडीला राहून मॅट्रिक झालेला माणूस, तोंडी हिशेबात पक्का. आणि तरीही त्या वर्षी श्रावण संपत आला तेव्हा आमचा माळा काजूने खच्चून भरलेला, मुंबईच्या पेढीवाल्याची मागणी पदरात, गावात आमच्या भरभराटीची चर्चा, आणि घरात रॉकेल आणायला पैसे नाहीत, अशी आमची श्रीमंती होती.

आण्यांचे नवे पैसे होऊन फार काळ झाला नव्हता. बायका अजून आण्यांतच बोलायच्या आणि नव्या पैशांत मजुरी घेताना प्रत्येक वेळी मला विचारायच्या, आपण फसलो तर नाही ना. आमचं घर मालवणहून धामापूरकडे जाणाऱ्या वाटेवर. घरामागे गोठा होता. गुरं कमी होत गेली तसा तो ओस पडला. तिथे ह्यांनी काजू फोडायचं काम सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी त्याला ‘कारखाना’ म्हणायला लागले. कारखाना म्हणजे काय, तर बी भाजायची एक मोठी कढई, बसायला फळ्या, फोडायला दगड आणि लाकडी मोगऱ्या, आणि वाडीतल्या चार बायका. भाजलेल्या बीचं तेल हाताला लागलं की कातडी जळते, म्हणून बायका हाताला राख फासून बसायच्या. मी सासरी आले तेव्हा मला ह्यातलं ओ की ठो येत नव्हतं. पण घरात सासूबाईंचं राज्य होतं, चुलीपाशी माझं मत कुणी विचारत नव्हतं. गोठ्यात मात्र बायका मला विचारायच्या. हळूहळू तिथलं सगळं माझ्याकडे आलं. कुणी काय करायचं, किती भाजायचं, अख्खे गर कुठले आणि तुकडा कुठला, हे मी ठरवायची. हे बाहेरचं बघायचे, खरेदी आणि विक्री. खरं सांगते, दुपारी जेवणं आटोपून मी मागच्या दारातून गोठ्यात पाऊल टाकलं की माझा जीव खुलायचा.

सुरुवातीची दोन वर्षं सोपी गेली. आमची झाडं आणि शेजारपाजारची झाडं एवढाच माल. फोडायचा, सोलायचा, मालवणच्या बाजारात नेऊन विकायचा, पैसे खिशात घालून घरी यायचं. ज्यांच्याकडून बी घेतली त्यांचे थोडे पैसे द्यायचे राहायचे. ह्यांनी त्यांना सांगून ठेवलेलं असायचं, ‘चवथीक देतंय.’ चवथ म्हणजे गणेश चतुर्थी. आमच्याकडे ती नुसता सण नाही, वर्षाची खुंटी आहे. घर सारवायचं ते चवथीला, मुंबईचा मुलगा येणार तो चवथीला, भांडण मिटवायचं तेही चवथीच्या आत. त्यामुळे कुणाला ‘चवथीला देतो’ म्हटलं की ते बँकेत ठेवल्यासारखं वाटायचं. ह्यांनी तो शब्द कधी मोडला नव्हता. गणपती आणायच्या आदल्या दिवशी हे छत्री घेऊन दारोदार जायचे, पैसे द्यायचे आणि चहा पिऊन यायचे. त्या दिवशी त्यांची छाती बघण्यासारखी असायची.

मग मुंबईच्या एका पेढीवाल्याचा माणूस आला. त्याने आमचे गर तोंडात टाकले, डोळे मिटले आणि म्हणाला, असला अख्खा पांढरा गर मला डबेच्या डबे पाहिजे, दिवाळीसाठी. झालं! त्या दिवशी हे जेवताना दोनदा उठले. ‘धंदो वाढलो गो!’ मी म्हटलं, वाढला नाही अजून, नुसती मागणी आली आहे, आधी भात खाऊन घ्या. पण ऐकतंय कोण.

आता काजूचं कसं असतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बी मिळते ती उन्हाळ्यात, दोन-अडीच महिने. तेवढ्यात जी घ्याल ती घ्याल, मग वर्षभर पैसे असले तरी मिळत नाही. ती वाळवून माळ्यावर भरायची आणि पावसाळाभर बसून फोडायची. फोडणाऱ्यांना आठवड्याला मजुरी हवी, लाकूड हवं, पत्र्याचे डबे हवेत. आणि विकायचं कधी? तर पावसाळ्यात बंदर बंद. मुंबईची बोट सुरू व्हायची ती चवथीच्या आगेमागे. मग माल जाणार, पेढीवर तो विकला जाणार, पेढीवाला आपली अडत कापून घेणार, आणि सावकाश, त्याला सवड होईल तेव्हा, पैसे पाठवणार. मुंबईचा पैसा दसऱ्याच्या आत आमच्या गावात कुणाच्याच घरात कधी आला नाही. म्हणजे पैसा जायला लागतो तो शिमग्यापासून, आणि यायला लागतो दसऱ्याला. मधले सगळे महिने पैसा माळ्यावर पोत्यांत असतो. पोतं घेऊन वाण्याकडे गेलं तर वाणी हसतो.

थोडा माल होता तोवर हे मधलं अंतर ह्यांच्या खिशातून भागायचं. नारळ विकले, सुपारी विकली, भागलं. पण त्या उन्हाळ्यात ह्यांनी काय करावं? इकडे धामापूर, तिकडे पार तोंडवलीपर्यंत जाऊन बी घेतली. गाड्याच्या गाड्या येत होत्या. होते ते पैसे थोडे थोडे सगळ्यांना वाटले आणि उरलेल्याचा वायदा कधीचा? चवथीचा. कढई मोठी घेतली, ज्याच्याकडून घेतली त्याला चवथीला. डबेवाल्याला चवथीला. बायका वाढवल्या, गोठा पुरेना म्हणून पुढे पडवी काढली, सुताराला चवथीला. पाऊस लागल्यावर बायकांनासुद्धा सांगितलं, आता अर्धी मजुरी घ्या, अर्धी चवथीला एकदम, सणाला हातात रक्कम येईल. बायका खूश. मीही तेव्हा खूश होते, उगाच शहाणपणा कशाला दाखवू. सगळ्यांना ऐकायला गोड लागत होतं. चवथ म्हटलं की कुणी ‘का’ म्हणून विचारतच नसे.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो आषाढात. मी पडवीत बसून अख्खे गर आणि तुकडे वेगळे करत होते, आणि सुतार दारावरून जाताना हसून म्हणाला, ‘वयनी, चवथीक येतंय हां.’ त्याच्यामागून कढईवाला गेला, तोही हसला. तेव्हा मी मनातल्या मनात एकेकाला आठवत गेले. हे सगळे एकाच दिवशी येणार. आणि मुंबईचा पैसा येणार दसऱ्याला. माझे हात थांबले. घरात गेले आणि ह्यांना म्हटलं, ‘चवथीक देवचे ते पैसे खंयसून हाडतलात?’

‘मुंबयसून येतले.’

‘ते दसऱ्याक येतत.’

तोंडी हिशेबात पक्का माणूस! देणं किती, येणं किती, ह्याचा हिशेब त्यांनी चोख केला होता, आणि येणं जास्त होतं. नफा दिसत होता. फक्त येणं नंतर होतं आणि देणं आधी, एवढीच बाब त्यातून निसटली होती. बाकीच्या गावाला ती सुचली नाही, कारण सगळ्यांचीच चवथ ठरलेली. दुसऱ्या कुठल्या गावात माणसं असा घोळ घालतील असं मला नाही वाटत.

श्रावणात सावंतवाडीचा एक व्यापारी आला. मोठा माणूस, बुटात आला आणि बुटातच पडवीत चढला. माळ्यावर जाऊन बी हातात घेऊन बघितली, वाजवून बघितली. मग खाली येऊन शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाला, ‘आपली अडचण माझ्या कानावर आली आहे. संपूर्ण माल मी उचलतो. पैसे रोख, चतुर्थीच्या आत.’ आणि भाव सांगितला. तो भाव आम्ही दिलेल्यापेक्षा खाली होता. वाईट माणूस नव्हता तो. रोख पैसा ज्याच्या हातात असतो त्याला सगळ्यांच्या अडचणी वेळेवर कळतात, एवढंच. ह्यांनी त्याला चवथीच्या आधीच्या रविवारी ट्रक घेऊन यायला सांगितलं.

मला हे कळलं ते तो गेल्यावर. मी स्वयंपाकघरात नारळ खवत होते. खवणी तशीच टाकून उठले.

‘माळो रिकामो केलात तर बायलो काय फोडतली? दगड?’

‘फुडल्या वर्सा बगूया.’

‘फुडल्या वर्सा बी कसली घेतलात? नुकसान करून इकलात तर हातात काय रवतला?’

‘लोकांक शबूद दिलंय मी,’ हे म्हणाले. ‘चवथीक तोंड लपवन बसू?’

‘शबूद लोकांक दिलात आनी कारखानो त्या सावंतवाडीवाल्याक? वा रे वा!’

सासूबाई माजघरातून म्हणाल्या, हळू बोला, लोक ऐकतील. ऐकू देत! मला रडू येत होतं आणि मी ते रागावर ढकलत होते. माळा रिकामा झाला की पडवी बंद, बायका घरी, आणि मी पुन्हा चुलीपाशी, जिथे मीठ किती घालायचं तेसुद्धा मला सासूबाईंना विचारून घालावं लागायचं. ह्यांचा धंदा जाणार होता, ते दुसरा करतील. माझं मात्र तेवढंच होतं. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही, पण तेव्हा माझ्या पोटात दुसरं काही नव्हतं.

दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी मी पडवीत गेले तर पाय ठेवायला जागा नाही. पेढीवाल्याला पाहिजे अख्खा गर. फोडताना तुटतात ते तुकडे डब्यांत भरून कोपऱ्यात ठेवलेले, ते वाढत वाढत दारापर्यंत आले होते. हे म्हणायचे, मुंबईला सगळं एकदमच पाठवू. मी अडखळले, पाय ठेचला आणि तोंडात येईल ते बोलले. तेवढ्यात रस्त्यावरून कोल्हापूरचा ट्रक गेला. चवथ जवळ आली की घाटावरून आमच्याकडे गूळ यायचा, मोदकांना आणि नेवऱ्यांना. ट्रक भरून यायचे आणि रिकामे जायचे. पाय चोळता चोळता मी ह्यांना हाक मारली आणि म्हटलं, बोट बंद आहे, घाट बंद आहे का? कोल्हापुरात मिठाईवाले नाहीत का? त्यांना बर्फीत घालायला अख्खा गर कशाला लागतो?

हे म्हणाले, तुकड्याला तिथे भाव काय मिळणार? मी म्हटलं, कमी मिळू दे. दसऱ्याच्या जास्तपेक्षा आजचं कमी मला चालेल.

त्यांना ते आवडलं नाही. मुंबईशी धंदा करणाऱ्या माणसाने तुकडे विकत फिरायचं म्हणजे त्यांना उतरल्यासारखं वाटत होतं. पण गेले. ट्रकवाल्याशी ठरवलं, डबे चढवले, स्वतः ड्रायव्हरच्या शेजारी बसून घाट चढले. परत आले ते खोकला घेऊन आणि कमरेला रोख पैसे बांधून. पैसे काढून पाटावर ठेवले, तेव्हा मी त्यांना गरम पेज वाढली आणि वर तूप सोडलं. आमचा अबोला असा संपला.

पण तेवढ्याने सगळं भागणारं नव्हतं. बायकांचं भागेल, सुताराचं, डबेवाल्याचं भागेल. बी देणाऱ्यांपैकी निम्म्यांचं भागेल. सगळ्यात मोठं देणं होतं धामापूरच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराचं. त्याच्या एकट्याच्या बागेतून आमचा चौथा हिस्सा माल आला होता. त्याला चवथीला द्यायचं तर माळा विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो थांबला तर आम्ही तगलो.

मी म्हटलं, जाऊन सांगा.

‘काय सांगू? पैसे नाय आसत म्हणान?’

‘मगे काय, आसत म्हणान सांगतलात?’

ह्यांच्या घराण्यात कुणी मुदत मागायला गेलं नव्हतं. चवथ उजाडायची, पैसे द्यायचे, नाहीतर आधीच कुठूनतरी उभे करायचे. आधी जाऊन ‘जमत नाही’ सांगायचं, ही गोष्टच त्यांना ठाऊक नव्हती. शेवटी मी म्हटलं, मी येते बरोबर. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. बाईमाणूस देण्याघेण्याच्या कामाला! मी त्यांना सांगितलं, भगवतीच्या दर्शनाला जातेय. ते खोटंही नव्हतं, देऊळ वाटेतच होतं.

पाऊस नुसता भुरभुरत होता. तळ्याच्या कडेने चिखलातून आम्ही चाललो होतो आणि हे तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होते. मी कान दिला तर ‘अपरिहार्य कारणास्तव’ वगैरे चाललं होतं. मला हसू आवरेना. देवळापाशी आले आणि हात जोडून उभे राहिले ते हलायलाच तयार नाहीत. मी म्हटलं, देवी कुठे जात नाही, आधी म्हाताऱ्याला भेटा.

म्हातारा ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. आम्हाला बसायला घोंगडी टाकली. ह्यांचं ते अपरिहार्य कारण सगळं घशातच राहिलं. मान खाली घालून एवढंच म्हणाले, ‘चवथीक तुमचे पैसे देवक जमाचा नाय.’

म्हाताऱ्याने अडकित्ता खाली ठेवला. ‘मगे कधी?’

‘मुंबयचे इले की. दसऱ्या मगे.’

त्याने अडकित्ता पुन्हा उचलला. आतून भांडी घासायचा आवाज येत होता. मला वाटलं, आता गावात बोभाटा होणार. मी मनातल्या मनात पडवीचं दार लावूनसुद्धा टाकलं. मग म्हातारा खाकरला.

‘चवथीक माका पैशे कित्याक होये? चवथीक माजो झील येता मुंबयसून, तो काय तां हाडता. माका लागतत दिवाळे मगे, भात कापणाऱ्या गड्यांका देवक.’

ह्यांनी मान वर केली. ‘मगे तुमी चवथ कित्याक म्हटलात?’

‘मी खंय म्हटलंय? तू म्हटलंस. मी बरा म्हटलंय.’

‘आधी सांगूचा नाय?’

‘तू इचारलंस खंय?’

मला एकदम हसायला आलं, इतकं की पदर तोंडात घ्यावा लागला. म्हातारा माझ्याकडे बघून स्वतःही हसला. हे मात्र हसले नाहीत. उन्हाळ्यापासून छातीवर घेतलेलं ओझं कुणी मागितलेलंच नव्हतं, हे कळल्यावर माणसाला हसू कसं येईल? उठायच्या वेळी म्हातारा म्हणाला, एक काम माझंही कर. ‘सून आसा माजी. झील थंय, ही हय, हिका करमाना नाय. तुमच्या त्या काजीच्या कामाक घेवा तिका.’ ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. परत येताना मी म्हणाले, शाबास आपली, मुदत मागायला गेलो आणि आणखी एक मजुरी डोक्यावर घेऊन आलो. तेव्हा कुठे हे हसले आणि देवळात जाऊन नीट हात जोडले.

सगळे काही म्हाताऱ्यासारखे निघाले नाहीत. त्यानंतर हे एकेकाकडे गेले आणि पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, तुम्हाला पैसे कधी लागतात? कुणाला मुलीच्या लग्नाला मार्गशीर्षात हवे होते, कुणी म्हणालं दसऱ्याला बैल घ्यायचा आहे. तोंडवलीच्या एका विधवेला मात्र चवथीलाच हवे होते, तिला कुणी मुंबईहून आणून देणारं नव्हतं. तिला तिथल्या तिथे दिले. एकाने ह्यांना दारातच चार गोष्टी सुनावल्या, सगळे पैसे चवथीच्या आत घेतले आणि नंतर आम्हाला कधी बी दिली नाही. हे त्या दिवशी जेवले नाहीत. मी आग्रह केला नाही. एकाने तरी तसं करणं साहजिक होतं.

रविवारी सावंतवाडीचा व्यापारी ट्रक घेऊन हजर. ट्रक अंगणाच्या पार आत घातला, तुळशीजवळ. मी पुढच्या दाराआड उभी होते. हे पायऱ्या उतरून त्याच्यासमोर गेले आणि म्हणाले, ‘माल विकायचा नाही.’

‘आपण शब्द दिला होतात,’ तो म्हणाला.

ह्यांना ह्याहून लागेल असं दुसरं वाक्य नव्हतं. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते, हात मागे बांधलेले आणि बोटं एकमेकांत घट्ट. ‘दिला होता,’ हे म्हणाले. ‘तो मी मोडतोय. ट्रकचं भाडं माझ्याकडून घ्या.’ माझे डोळे भरून आले. मी लग्नात त्यांचं तोंड नीट बघितलं नव्हतं, पण त्या दिवशी ती पाठ मी डोळे भरून पाहिली. मग मी चहा पाठवला. व्यापाऱ्याने चहा घेतला, भाडंही घेतलं, मोजून घेतलं, आणि पुढच्या वर्षी भेटू म्हणून गेला.

चवथीच्या दोन दिवस आधी बायकांच्या राहिलेल्या मजुरीचा दिवस. हे पडवीत पाटावर बसले, पुढ्यात पत्र्याची पेटी. मी शेजारी उभी राहून सांगत होते, हिने किती फोडले, तिने किती सोलले. बायका ओळीने येत होत्या, राखेने माखलेले हात पदराला पुसून पैसे घेत होत्या. एकीने नव्या पैशांचा हिशेब तिसऱ्यांदा करून घेतला. कुणी सणाच्या लुगड्याचं बोलत होतं, कुणी मुंबईहून येणाऱ्या भावाचं. पडवी चालू होती, माळा भरलेला होता. मला फार हलकं वाटत होतं.

सगळ्यांत शेवटी धामापूरची सून. तिला येऊन आठवडाच झाला होता, बोटांना फोड आले होते. ह्यांनी तिच्या हातावर पैसे ठेवले, पण ती मूठ मिटेना. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ह्या माजा?’

‘तुझाच.’

‘मामंजींक देवचा?’

‘तां तुझा तू बग गो बाय,’ मी म्हटलं. बायका हसल्या. तिने पैसे पदराच्या टोकाला बांधले, सोडले, पुन्हा मोजले आणि पुन्हा बांधले. मग साधेपणानेच विचारलं, ‘वयनी, तुमका किती गावता?’

‘माका कसलो पगार गो, घरचाच काम,’ हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला ते म्हणवेना. कारखाना निघाल्यापासून मी आधी गोठ्यात आणि आता ह्या पडवीत बसत होते. बी, लाकूड, डबे, बोटीचं भाडं, पेढीवाल्याची अडत, बायकांची मजुरी, सगळं कशात ना कशात धरलेलं होतं. मला कशातच धरलेलं नव्हतं. ह्यांनी मला फसवलं असं मी कधीच म्हणणार नाही, त्यांच्या मनातच ते आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. त्या महिन्यात हे दारोदार हिंडून सगळ्यांकडे मुदत मागत होते. माझ्याकडे मुदत मागायची वेळसुद्धा त्यांच्यावर कधी आली नव्हती.

मी जागची हलले आणि त्या मुलीच्या मागे जाऊन उभी राहिले. ती बाजूला झाल्यावर हात पुढे केला. ह्यांनी वर बघितलं. पेटीत हात घातला आणि फोडणाऱ्या बाईला देतात तेवढेच, आठवड्याचे, माझ्या हातावर मोजले. मी ते कमरेला खोचले. गाल तापले होते माझे, आनंदाने की रागाने कोण जाणे.

संध्याकाळी हे माजघराच्या दारात येऊन उभे राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, ‘उद्याच्या देण्यांक पेटयेत कमी पडतत गो. ते तुझे देतंस? परत देतंय तुका.’

मी म्हटलं, ‘कधी, तां आधी सांगा.’

त्यांना सांगता येईना. मी दिले नाहीत.